अकराच्या पलीकडचं श्रेय

दिग्दर्शक रॉब रायनर डिसेंबर 2025मध्ये गेले आणि त्यांच्यावरच्या लेखांतून अकरा हा आकडा पुन्हा फिरू लागला. संपादकांनी त्यांच्या ‘धिस इज स्पायनल टॅप’वर लिहायला सांगितलं आणि ‘तांत्रिक फार नको’ अशी ताकीदही दिली. माझं आयुष्य माहितीपटांच्या संकलनात गेलं. तांत्रिक वगळलं तर माझ्याकडे उरतं काय? तरी प्रयत्न करतो.

1984चा हा 82 मिनिटांचा सिनेमा म्हणजे एका काल्पनिक इंग्लिश हेवी मेटल बँडच्या अमेरिका दौऱ्याचा खोटा माहितीपट. दौरा घसरत जातो, कार्यक्रम रद्द होतात, शेवटी एका करमणूक बागेच्या फलकावर बँडचं नाव बाहुल्यांच्या खेळाच्या खाली लागतं. ड्रमर तर चित्रविचित्र कारणांनी मरतच असतात. ख्रिस्तोफर गेस्ट, मायकेल मकीन आणि हॅरी शिअरर हे अमेरिकन नट ब्रिटिश उच्चारात बोलतात, गाणीही स्वतःच वाजवतात. रायनर स्वतः झालेत मार्टी डीबर्गी, म्हणजे माहितीपटाचा दिग्दर्शक.

संवाद बहुतेक उत्स्फूर्त. म्हणून लोक म्हणतात, ‘नटांनी धमाल केली, कॅमेऱ्याने टिपली.’ इथे माझं डोकं फिरतं. उत्स्फूर्त प्रसंगात दुसरा टेक पहिल्यासारखा नसतो. वाक्य बदलतं, हात दुसरीकडे असतो, एक कट जुळवायला संकलकाचा जीव जातो. त्यात छायाचित्रकार पीटर स्मोकलर खऱ्या रॉक माहितीपटांत काम केलेला. 1970च्या ‘गिमी शेल्टर’च्या छायाचित्रणातही तो होता. रायनर सांगत की यात हसण्यासारखं काय आहे हेच त्याला कळत नव्हतं, कारण खरे बँड असेच वागतात. कॅमेऱ्याला विनोद ठाऊक नाही, म्हणूनच तो विनोदाकडे धावत नाही. तो किंचित उशिरा पोहोचतो.

त्या प्रसिद्ध प्रसंगात गिटारवादक नायजेल कौतुकाने दाखवतो की त्याच्या ॲम्प्लिफायरची बटणं दहावर न थांबता अकरापर्यंत जातात. आता, बटणाभोवतीचा आकडा ही नुसती छपाई असते. आवाज ठरतो तो सर्किटच्या ताकदीवर आणि स्पीकरवर. (ताकीद लक्षात आहे, थांबतो.) डीबर्गी विचारतो, दहालाच जास्त मोठं का केलं नाही? नायजेल गप्प होतो. ती शांतता तशीच राहू दिली आहे. हातात कात्री असताना ती न चालवणं किती अवघड असतं, हे संकलकालाच ठाऊक.

स्टोनहेंजचा, म्हणजे इंग्लंडमधल्या त्या प्राचीन शिळांच्या प्रतिकृतीचा वाद मात्र मला सोडवत नाही. सिनेमात कागदावर फुटाऐवजी इंचाची खूण पडते आणि अठरा फुटांच्या जागी अठरा इंचांची शिळा मंचावर उतरते. 1983च्या दौऱ्यात ‘ब्लॅक सॅबथ’ या खऱ्या बँडचं उलटं झालं होतं: फुटांचे मीटर झाले आणि शिळा मंचावर मावेनात. झालं, ‘रायनरने ढापलं’ हे आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. पण पैसे उभे करायला रायनर आणि मंडळींनी जो वीस मिनिटांचा नमुनापट केला होता, त्यात हा प्रसंग आधीपासूनच होता. म्हणजे विडंबन आधी झालं, वास्तव मागून आलं. लोकांना मात्र नक्कल सापडल्याशिवाय चैन पडत नाही.

दुसरा गैरसमज, समीक्षकांनी तेव्हा याला झिडकारलं. साफ चूक. रॉजर ईबर्टने चारपैकी चार तारे दिले होते. गोंधळले ते प्रेक्षक. डॅलसच्या चाचणी खेळानंतर लोकांनी रायनरना विचारलं की नाव न ऐकलेल्या बँडवर माहितीपट कशाला काढलात? तिकीटबारीवर गल्ला बेताचाच झाला. सिनेमा मोठा झाला तो व्हिडिओ कॅसेटवर. 2002मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत तो गेला. नायजेलच्या ॲम्प्लिफायरसारखाच बीबीसीच्या आयप्लेअरवरही आवाज अकरापर्यंत जातो.

पैशांची गोष्ट निराळी. 2016मध्ये शिअरर कोर्टात गेले. तक्रारीनुसार 1984 ते 2006 या काळातल्या वस्तुविक्रीतला रायनर आणि या तिघा नटांचा मिळून वाटा 81 डॉलर दाखवला गेला होता. पुढे तडजोड झाली.

वारशाबद्दल माझं मत कडवट आहे. ‘द ऑफिस’ने 2001मध्ये खोट्या माहितीपटाचा हा बाज दूरचित्रवाणीवर नीट रुजवला, त्याला सलाम. नंतर मात्र जो तो लेन्सकडे बघून भुवई उडवू लागला. चित्रीकरण कोण करतंय, कशासाठी करतंय, हे अशा बऱ्याच मालिकांना विचारावंसंही वाटत नाही. ‘टॅप’मधल्या कॅमेऱ्याला धनी आहे. डीबर्गी स्वतःच बँडच्या प्रेमात आहे, स्वतःवरही खूश आहे, आणि त्याचा अडाणीपणा हाही विनोदाचा विषय आहे. 2025मध्ये आलेला दुसरा भाग पॉल मॅकार्टनी आणि एल्टन जॉन असूनही चालला नाही. जुन्या विनोदांची उजळणी पाहायला लोक फारसे गेले नाहीत, यात मला नवल वाटत नाही.

लेखनाचं श्रेय सगळ्या नटांना मिळावं अशी रायनरची इच्छा होती. लेखक संघटनेने मान्य केलं नाही, चारच नावं राहिली. त्याची हळहळ पुष्कळांनी व्यक्त केली आहे. संकलकांसाठी कुणी हळहळल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. तेव्हा एवढंच करा: सिनेमा बघाल तेव्हा श्रेयनामावली पळवू नका. रॉबर्ट लेटन, केंट बेयडा आणि किम सेक्रिस्ट ही तीन नावं वाचा. तुम्ही हसलात त्याचं निम्मं श्रेय त्यांचं आहे.