न सापडल्याची नोंद

१ मे २००० रोजी अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी एक घोषणा केली. उपग्रहांच्या साहाय्याने पृथ्वीवरील ठिकाण दाखवणाऱ्या जीपीएस यंत्रणेच्या नागरी संकेतांत लष्करी कारणांसाठी मुद्दाम मिसळलेली चूक त्या मध्यरात्रीपासून काढून टाकण्यात आली. तोवर सामान्य माणसाच्या हातातील यंत्र शंभर मीटरपर्यंत चुकत असे. ते एका रात्रीत कितीतरी अचूक झाले. दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळ डेव्ह उल्मर नावाच्या संगणकतज्ज्ञाने एका बादलीत पुस्तके, चित्रफिती, एक गलोल, घेवड्याचा एक बंद डबा अशा वस्तू भरल्या, ती झाडीत ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. शोधा, हवे ते घ्या, बदल्यात काही ठेवा आणि आतल्या वहीत नाव लिहा, एवढाच खेळ. तीन दिवसांच्या आत दोघांनी ती बादली शोधून काढली. आज या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात, जगभर तीस लाखांहून अधिक डब्या लपवलेल्या आहेत आणि खेळाचा कारभार सिएटल शहरातील फ्रीमाँट भागातल्या कार्यालयातून चालतो.

त्या शहराच्या पूर्वेस, रेडमंडमध्ये, बार्शीच्या एका अडत व्यापाऱ्यांचा मुलगा नोकरीनिमित्त राहतो. सासष्ट वर्षांचे हे गृहस्थ दुकान थोरल्या मुलाच्या हाती सोपवून उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी तिकडे गेले. तुरीची मूठ हातात घेताच माल कोणत्या गावचा आणि कितपत वाळलेला हे सांगणारा हा माणूस; पण परक्या मुलुखात हाताला काम नाही, गाडी चालवता येत नाही, शेजाऱ्यांचे इंग्रजी कानाला लागत नाही. दहा वर्षांची नात तेवढी सोबतीला. शाळेतल्या मैत्रिणीमुळे तिला या खेळाची गोडी लागली होती आणि बरोबर कोणी मोठे माणूस असल्याशिवाय नदीकाठी जाण्याची तिला परवानगी नव्हती. आजोबांना सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम. तिकडे जुलैत सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. त्यामुळे सहाला जेवण उरकले तरी फिरायला तीन तासांचा उजेड शिल्लक राही. आजोबा आणि नात या उजेडाच्या आधाराने बाहेर पडू लागली.

पहिली संध्याकाळ देवदाराच्या झाडीत गेली. फोनवरचा बाण झाडापाशी नेऊन सोडी आणि तिथे पोहोचताच भोवऱ्यासारखा गरगरे. "आजोबा, हा म्हणतोय शून्य मीटर. मग डबी कुठंय?" आजोबांनी झाडाचा बुंधा, मुळे, शेजारचे नेचे, सगळे पाहिले. तासाभराने दोघे परतली. दुसऱ्या दिवशी बाणाने त्यांना एका मोठ्या दुकानासमोरच्या वाहनतळावरील दिव्याच्या खांबापाशी उभे केले. गुळगुळीत लोखंडी खांब, भोवती डांबर. लपवायला जागा तरी कोणती? स्वेटर-चपला घातलेला एक वयस्क माणूस खांबाभोवती पाचव्यांदा प्रदक्षिणा घालतो आहे हे पाहून एका बाईंनी गाडी थांबवून काही हरवले आहे का, असे आपुलकीने विचारले. हा खेळ न खेळणाऱ्यांच्या नजरेस न पडता डबी काढावी असा संकेत आहे. आजोबांना तो ठाऊक होता. त्यांनी घाईघाईने "नो, नो, थँक यू" म्हटले आणि नातीचा हात धरून घर गाठले. अशा खांबांच्या पायथ्याशी पट्टीखालचे बोल्ट झाकणारे पत्र्याचे टोपण असते, ते वर उचलता येते, आणि अमेरिकेतील कितीतरी डब्या नेमक्या त्याखाली असतात हे त्यांना पुढे कित्येक दिवसांनी कळले. नवख्या माणसाला हे सुचणार कसे? जुन्या खेळाडूला ते इतके सवयीचे झालेले असते की त्याला ते सांगावेसेही वाटत नाही. बहुतेक धंद्यांत नव्या मुनीमाची हीच अडचण होते.

तिसरी डबी एका लाकडी पादचारी पुलाजवळ होती. तीही मिळाली नाही. परतताना नात गप्प होती. घरी आल्यावर ती म्हणाली, "उद्या मी मैत्रिणीच्या बाबांबरोबर जाईन. त्यांना लगेच सापडते." मुलांच्या बोलण्यात दुष्टावा नसतो, पण आजोबांना त्या वाक्याने जेवढे लागले तेवढे बाजारातल्या कोणत्याही मंदीने लागले नव्हते.

खरे तर दोष बाणाचा नव्हता, शोधणाऱ्यांचाही नव्हता. जीपीएसचे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून वेळेचे संकेत पाठवतात. निदान चार उपग्रहांचे संकेत किती वेळात पोहोचले यावरून फोन आपली जागा काढतो. वेळेत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकी चूक झाली तर अंतर तीनशे मीटरने चुकते. मोकळ्या आकाशाखाली फोन चार-पाच मीटरपर्यंत बरोबर असतो. दाट झाडीत किंवा उंच इमारतींजवळ संकेत पानांवर-भिंतींवर आपटून वाकड्या वाटेने येतात आणि चूक वाढते. शिवाय ज्याने डबी लपवली त्याचेही यंत्र त्या दिवशी काही मीटर चुकलेले असणार. दोघांच्या चुका एकमेकींत मिसळतात. दहा मीटर त्रिज्येचे वर्तुळ धरले तर ३१४ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ३,४०० चौरस फूट जागा होते. बार्शीच्या दुकानाचे गोदामही एवढे नाही. त्यात अंगठ्याएवढी नळी! फोनवरचा शून्य मीटर म्हणजे माल हाती आला असे नव्हे. गोदामाचे दार उघडले, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु हे गणित उमगण्याआधी एक प्रसंग घडला. सापडलेल्या डबीसाठी नकाशावर पिवळा हसरा चेहरा उमटतो, न सापडलेलीसाठी निळा उदास. मैत्रिणीच्या नकाशावर चाळीस पिवळे चेहरे होते. नातीच्या नकाशावर काहीच नव्हते, कारण पहिल्या दोन दिवसांची नोंदच तिने केली नव्हती. पुलाजवळून आल्यावर तिने फोन पुढे केला आणि हळूच म्हणाली, "आपण 'सापडली' लिहू या का? आतला कागद कोण बघतंय?"

आजोबांनी तिच्यावर डोळे वटारले नाहीत. त्यांनी फोन हातात घेतला आणि विचारले, "ज्याने डबी ठेवली तो हे वाचतो का?"

"हो, त्याला ईमेल जातो."

"मग त्याला वाटेल की डबी जागेवर आहे. नसली तर?"

नातीने यावर विचार केलेला दिसला नाही. आजोबा म्हणाले, "बाळा, आपल्या दुकानात ज्याच्या वहीत तोटा दिसतच नाही, त्याला मी उधारी देत नसे. एक तर तो धंदा करत नाही, नाही तर वही खोटी." मग दोघांनी मिळून इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या: पाऊण तास शोधली, पुलाच्या दोन्ही बाजूंना पाहिले, सापडली नाही, पूल मात्र सुंदर आहे. नकाशावर निळा चेहरा उमटला. नात हिरमुसली. ती दुसऱ्या दिवशी मैत्रिणीकडे गेली नाही, एवढे मात्र खरे.

मुनींना सोसाव्या लागणाऱ्या बावीस परीषहांत 'अलाभ' नावाचा एक परीषह आहे: आहारासाठी निघावे, विधी न मिळावा आणि मनात खेद न आणता परतावे. एका खेळाला त्या पंक्तीला बसवणे अतिरेकाचे होईल. तरी रिकाम्या हाताने परतणे हेदेखील शिकावे लागते, हा विचार आजोबांच्या मनात त्या दिवसांत येत असावा. त्यांचे चातुर्मासाचे वाचन चालूच होते.

चातुर्मासाचा परिणाम शोधण्याच्या पद्धतीवरही झाला. सिएटलकडे पावसाळा हिवाळ्यात असतो, जुलै-ऑगस्ट कोरडे जातात. तरी आजोबांनी ठरवले की वाट सोडून गवतात आणि नेच्यांत पाय टाकायचा नाही, दगडांच्या फटीत न पाहता हात घालायचा नाही. तिथे कोळ्यांची घरे असतात. चार हात पुढची जमीन पाहत चालावे ही ईर्यासमितीची शिकवण त्यांच्या अंगवळणी पडलेली. आता झाडीत शिरायचे नाही म्हटल्यावर करायचे काय? ते वाटेवरच वीस-तीस पावले मागे जात, नातीला बाण कुठे रोखला आहे ते पाहायला सांगत, मग वाटेच्या दुसऱ्या टोकाकडून तेच करत. चालत्या माणसाच्या हातात बाण स्थिर राहतो, उभ्या माणसाच्या हातात भरकटतो. दोन दिशांच्या रेषा जिथे एकमेकींना छेदत, तेथे ते फोन खिशात ठेवत आणि नुसते पाहत उभे राहत. गवत कुठे आधीच तुडवले गेले आहे? काटक्या निसर्गाने पडाव्यात त्याहून जरा जास्तच सरळ मांडल्या आहेत का? दगडाची कोणती बाजू उन्हात असूनही ओली आहे? अडतीच्या दुकानात पोत्यात हात घालण्यापूर्वी पोत्याची शिवण पाहण्याची सवय इथे कामी आली. अनुभवी खेळाडूही हेच करतात. जमीन खणून डबी पुरायची नाही, आत खाद्यपदार्थ ठेवायचे नाहीत म्हणजे प्राणी तिकडे ओढले जाणार नाहीत, हे या खेळाचे स्वतःचेच नियम आहेत. ते कळल्यावर आजोबांचा खेळाविषयीचा आदर बराच वाढला.

आणखी एक गाठ सुटली. प्रत्येक डबीची अवघडपणाची श्रेणी एक ते पाचपर्यंत दिलेली असते, शोधण्याची वेगळी आणि रस्त्याची वेगळी. आकारही लिहिलेला असतो. या दोघांनी पहिल्याच दिवशी साडेतीन श्रेणीची अतिसूक्ष्म डबी निवडली होती, कारण ती घराजवळ होती. दुकान उघडल्याच्या पहिल्या दिवशी परदेशी निर्यातीचा सौदा करण्यासारखेच हे. शिवाय लपवणाऱ्याने दिलेली खूण वाचायची नाही असा नातीचा हट्ट होता, तिला ती चोरी वाटे. आजोबांनी शंका निकालात काढली: न दिलेले घेणे ही चोरी, त्याने खूण दिली आहे, मग घेण्यास हरकत कोणती? एक श्रेणीच्या, मोठ्या आकाराच्या, आठवड्याभरात कोणाला तरी सापडलेल्या डब्या त्यांनी निवडल्या. पाचव्या संध्याकाळी, एका पडलेल्या ओंडक्याच्या पोकळीत, पहिली डबी मिळाली. नात ओरडली नाही. जवळून एक जोडपे कुत्र्याला घेऊन चालले होते, म्हणून ते पुढे जाईपर्यंत तिने ओठ घट्ट मिटून धरले होते.

पुलाजवळच्या डबीच्या मालकाचा निरोप आला तो साधारण दोन आठवड्यांनी. त्याने लिहिले होते की शेवटची 'सापडली' ही नोंद चार महिन्यांपूर्वीची होती. तुमची नोंद वाचून जाऊन पाहिले, डबी नाहीशी झाली आहे, नवी ठेवली आहे, आभारी आहे. त्या चार महिन्यांत आणखी कोणी रिकाम्या हाताने परतले असेल तर ते काही न लिहिताच गेले असणार. अपयशाची नोंद करायला लोक लाजतात हे या खेळातही दिसते. त्यामुळे मालकाला कळत नाही आणि पुढचा माणूस तास घालवतो. नातीने तो निरोप आईला वाचून दाखवला, मग आजीला फोन लावून बार्शीलाही वाचून दाखवला.

नवी डबी दोघांना दहा मिनिटांत मिळाली. कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर नातीने इंग्रजीत आणि आजोबांनी देवनागरीत सही केली. डबीत काचेची निळी गोटी होती, ती तिला हवी होती. नियम असा की जे घ्यावे त्याच्या तोडीचे किंवा त्याहून वरचढ ठेवावे. आजोबांच्या खिशात पाच रुपयांचे नाणे होते. "आजोबा, हे म्हणजे सहा-सात सेंट!" नातीने हिशोब केला. आजोबांनी तो मान्य केला, मात्र दराला आक्षेप घेतला: बार्शीत हे सुटे पैसे, इथे ही परदेशी वस्तू, भाव बाजारावर ठरतो. घासाघीस बरीच चालली. शेवटी नाण्याबरोबर नातीच्या केसांची एक नवीकोरी पिनही डबीत गेली.

आजोबांनी तिकडेही एक लाल कापडी वही नेली होती. त्यात त्यांनी जमा आणि नावे अशा दोन बाजू आखल्या; सापडलेल्या जमेस, न सापडलेल्या नावे. ऑक्टोबरमध्ये ते परतले तेव्हा जमेला सोळा होत्या, नावे अकरा. पहिल्या दोन दिवसांच्या नोंदी नातीने स्वतःहून मागाहून लिहिल्या होत्या, तारखेसकट. वही तिच्याकडेच आहे. रविवारी फोनवर ती नवी नोंद वाचून दाखवते. नोव्हेंबरातील एक अशी: शाळेमागचे कुंपण, श्रेणी दोन, पाऊस, पंचवीस मिनिटे, नावे.