बंदुकीचा सांधा आणि लिएजचा शिक्का

सुपारी कातरून कातरून घरातला अडकित्ता ढिला होतो. मधला खिळा झिजतो, दोन्ही पाती एकमेकींना सोडून चालू लागतात आणि सुपारी कातरली न जाता चिरडते. मग कोणीतरी उंबऱ्यावर ठेवून तो खिळा दगडाने ठोकून देतो. चार दिवस बरे चालते. वाचकहो, मधोमध मोडून काडतूस भरायची बंदूक म्हणजे या अडकित्त्याचीच थोरली बहीण. फरक एवढाच, की ढिल्या अडकित्त्याने सुपारी वाया जाते. ढिल्या बंदुकीने डोळा जाऊ शकतो.

आमच्या आजोळी, सिंधुदुर्गात, रानडुकरांपासून भात राखायला परवान्याची दुनळी होती. ती खुळखुळायला लागली तेव्हा मामांनी एकाकडून 'घट्ट' करून आणली. त्या गृहस्थाने सांध्यात पत्र्याची चकती सारली होती. भाताची एक कापणी होईतो बंदूक पुन्हा खुळखुळू लागली. तिच्या नळीखाली मुकुट आणि लंबगोलात ई, एल, जी अशी तीन अक्षरे होती. ती कुठली, हे मला पुढे पुष्कळ वर्षांनी बेल्जियममधल्या लिएज शहरात कळले.

लिएज म्यूज नदीकाठी वसले आहे. रविवारी नदीच्या धक्क्यावर 'ला बात' नावाचा बाजार भरतो. भाजी, फुले, चीज, कोंबड्या, आणि आपल्यासारखीच घासाघीस. त्याच धक्क्यावर लाल रंगाची एक उंच हवेली दिसते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीची, कुर्तियुस नावाच्या धनिकाची. दारूच्या व्यापारात तो गबर झाला. पिण्याच्या नव्हे, बंदुकीच्या! आता तिथे संग्रहालय आहे, त्यात शस्त्रांचे मोठे दालन.

पूर्वी आसपासच्या खेड्यांत घरोघरी बंदुकीचे सुटे भाग होत. नळी एका घरची, चाप दुसऱ्या घरचा, दस्ता तिसऱ्याचा. नळ्या मागच्या सांगाड्यात बसवणारा कारागीर तर निराळाच. त्याला तिकडे 'बास्क्युलर' म्हणतात. त्याचे मुख्य काम एकच, सांधा जुळवणे.

शहरातून नदीच्या ओघाने थोडे खाली गेले की हेर्स्ताल लागते. इथे १८८९ साली बंदुकांचा मोठा कारखाना उभा राहिला. अमेरिकेतल्या युटाचा जॉन ब्राउनिंग आपल्या बंदुकांच्या कामासाठी इथे वारंवार येई. नोव्हेंबर १९२६ मध्ये इथेच, मुलाच्या कचेरीत, त्याने प्राण सोडला. त्याच्या अखेरच्या कामांपैकी एक म्हणजे एकावर एक नळ्यांची दुनळी. राहिलेले काम मुलगा व्हॅल याने पुरे केले आणि १९३१ पासून ती विक्रीला आली. हाताने जुळवण्याचे काम परवडेनासे झाल्यावर १९७६ साली तिचे नेहमीचे उत्पादन थांबले. पण त्या बंदुका अजून वापरात आहेत, आणि आता त्यांचे सांधे झिजू लागले आहेत.

हा सांधा कसा असतो ते पाहा. सांगाड्यात आडवी जाड खीळ. खालच्या नळीखाली एक आकडा. तो खिळीला मिठी मारतो आणि नळ्या त्यावर झुलतात. मागे पाचरीसारखा अडसर सरकून आकड्याला धरतो. वरचा लिव्हर या अडसराला जोडलेला. नव्या बंदुकीत तो मिटल्यावर किंचित उजवीकडे राहतो. अडसर झिजेल तसा मध्यावर येतो, आणि मध्य ओलांडून डावीकडे गेला की समजावे, दुखणे जुने आहे.

पण लिव्हर सगळे सांगत नाही. बंदूक रिकामी आहे हे दोनदा पाहायचे, नळीखालचे लाकूड पुढे सारायचे (या बंदुकीचे ते सुटत नाही, नुसते सरकते) आणि बंदूक मिटवून कानाशी हलवायची. बारीक टकटक ऐकू आली, किंवा नळ्या आणि मागची भिंत यांत सिगारेटचा कागद सहज शिरला, तर खीळ किंवा आकडा झिजला आहे. अशा वेळी नुसता अडसर जाड करून घेतला तर बंदूक हाताला घट्ट लागते, पण पुढची फट तशीच राहते आणि प्रत्येक बाराला नळ्या पुढे धक्का खातात. म्हणून आधी सांधा, मग अडसर. हा क्रम चुकवणाऱ्याकडे बंदूक देऊ नये.

खरी दुरुस्ती म्हणजे किंचित जाड खीळ घालणे, नाहीतर आकड्याच्या आतल्या अंगाला वेल्डिंगने धातू चढवून तो पुन्हा बेताने उतरवणे. इथे कारागीर काय वापरतो? चिमणीची काजळी! सांध्यावर काजळी धरायची, बंदूक मिटायची, उघडायची. जिथली काजळी पुसली तिथे लोखंड उंच. तिथेच कानस हलकेच फिरवायची. पुन्हा काजळी, पुन्हा कानस. घाई केली की केलेले काम वाया.

साठीच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या आणि त्यानंतरच्या काही वर्षांतल्या या बंदुकांना आणखी एक खोड आहे. अक्रोडाचे लाकूड लवकर वाळावे म्हणून मिठात घातले गेले. त्या मिठाने लाकडाखालचे लोखंड गंजले. बाहेरून बंदूक लखलखीत दिसते! कोकणच्या हवेत राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

आता त्या तीन अक्षरांची गोष्ट. लिएजमध्ये १६७२ सालापासून बंदुका पारखण्याची व्यवस्था आहे. आज तिथे नेहमीच्या कमाल दाबापेक्षा सुमारे ३० टक्के जास्त दाबाचे काडतूस बंदुकीत उडवून पाहतात. टिकली तर शिक्का बसतो. आकड्याला वेल्डिंग झालेली बंदूकही पुन्हा अशीच पारखून घ्यावी लागते. आजोळच्या दुनळीवरचा शिक्का इथलाच होता. आत पत्र्याची चकती गेल्यावर त्या शिक्क्याला काय अर्थ उरला?

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडेही परवाना हवा. तो पाहूनच बंदूक हाती द्या. घरी तुम्ही करायचे ते थोडेच. खिळीवरचे जुने काळे वंगण धूळमातीसकट पुसायचे आणि बोटाच्या टोकाएवढे नवे लावायचे. बैलगाडीच्या आखाला लावता तसेच, पण पुष्कळ कमी. आणि सिनेमातल्या शिकाऱ्यासारखी हाताच्या झटक्याने बंदूक मिटू नका; नळ्या स्थिर धरून दस्ता हळूच वर आणा.