रेनकोटाची घडी

गेल्या दसऱ्याच्या सुटीत आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. मलप्रभेच्या डोहात पोहावयास शिकलेला हा मुलगा आता नॉर्वेच्या किनाऱ्यावर पाणबुड्याचे काम करतो. तेथील समुद्र हाडे गोठविणारा. म्हणून हे लोक ‘ड्रायसूट’ नावाचा पोशाख घालतात. गळ्याशी आणि मनगटांशी रबराच्या घट्ट पट्ट्या, पाणी आत येऊ न देणारी चेन, आणि आत लोकरी कपड्यांत कोरडा माणूस!

मास्तरकीच्या सवयीने आम्ही विचारले, “आणि काम नसते त्या महिन्यांत या पोशाखाचे काय करता?”

त्याने सारा विधीच सांगितला. पोशाख प्रथम गोड्या पाण्याने धुवावयाचा, कारण वाळलेल्या मिठाचे खडे चेनीच्या दातांत बसतात. मग तो सावलीत बाहेरून वाळवावयाचा, उलटा करून आतूनही वाळवावयाचा. आत घामाची ओल असतेच. रबराच्या पट्ट्यांना अंगाचे तेल लागलेले असते. ते सौम्य साबणाने काढून त्यांवर बिनवासाची शुद्ध पावडर, म्हणजे आपले शंखजिरे, चोळावयाचे. चेनीला मेण लावावयाचे आणि ती कोठेही मुडपू द्यावयाची नाही. पोशाखाची दाबून घडी न घालता तो रुंद खांद्याच्या हँगरवर टांगावयाचा किंवा सैल गुंडाळावयाचा. जागा थंड आणि अंधारी हवी. विजेच्या मोटारींपासून दूर हवी, कारण तेथे निर्माण होणाऱ्या ओझोनने रबराला चिरा पडतात.

शेवटी तो हसून म्हणाला, “सर, हा पोशाख पाण्यात बिघडत नाही, तितका कपाटात बिघडतो.”

तो गेला, आणि आमच्या डोळ्यांपुढे एक काळा रेनकोट उभा राहिला.

आमचे वडील, अण्णा, खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूस प्राथमिक शिक्षक होते. कणकुंबी-जांबोटीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो सांगावयास नको; ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळावयाचा नाही. अण्णांनी घोंगडीच्या खोळीवर अनेक पावसाळे काढले, आणि पुढे पै-पै साठवून रबरी रेनकोट घेतला. हस्ताचा पाऊस सरला की ते तो स्वतः धूत, मागच्या पडवीत वाळवीत, शंखजिरे चोळीत आणि जुन्या धोतरात गुंडाळून वेळूच्या आडव्या काठीवर सैल टाकीत. खंडेनवमीला कोयता, कुदळ आणि आमच्या पाट्या यांच्या पंक्तीला रेनकोटही बसे. “याच्यामुळे शाळेला खाडा नाही,” असे म्हणून ते त्यालाही फूल वाहत.

1985 च्या दसऱ्यात अण्णा विषमज्वराने अंथरुणाला खिळले होते. रेनकोटाचे काम आमच्याकडे आले. आम्ही तेव्हा सातवीत. बाहेर मित्र हाका मारीत होते. आम्ही रेनकोटावर दोन तांबे पाणी ओतले, तो जेमतेम निथळू दिला, लहानशी घडी केली आणि पत्र्याच्या ट्रंकेत पुस्तकांखाली दाबली. ट्रंक ठेवली ती नेमकी चुलीवरच्या माळ्यावर. अण्णांना सांगितले, “तुम्ही करता तसेच केले.”

मृग निघाला आणि ट्रंक उघडली. पदर एकमेकांस चिकटून बसले होते; ओढताच रबराचे पापुद्रे निघाले. जेथे घडी होती तेथे उभ्या चिरा. पुढे वाचनात आले की 1823 मध्ये मॅकिंटॉशने रबरी कापडाचे पेटंट घेतले तेव्हा ते कापड उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ताठ होई. 1839 मध्ये गुडइयरला गंधक आणि उष्णता यांचा उपाय सापडला. तरीही रबराचे वय थांबत नाही. उष्णता आणि हवा त्याला खातात, आणि घडीवर ते ताणलेले असल्याने प्रथम तेथेच तडकते. पण त्या सकाळी आम्हांला यातले काही ठाऊक नव्हते.

अण्णांनी चिरांवरून बोटे फिरविली आणि एवढेच विचारले, “ओला होता का रे?”

“नाही,” आम्ही म्हणालो.

त्यांनी पुन्हा विचारले नाही. खुंटीवरची घोंगडी काढली, तिची खोळ केली आणि ते शाळेला निघाले. त्या वर्षी नवा रेनकोट घेणे जमले नाही. रोज संध्याकाळी ते पडवीत उभे राहून सदरा पिळत, आणि भिजल्या घोंगडीचा वास घरभर पसरे. शाळेला मात्र खाडा झाला नाही.

आज आमच्या शाळेतल्या मुलांचे रेनकोट रबराचे नाहीत. तरी सुटीला निघताना आम्ही त्यांना बजावतो: आतूनबाहेरून वाळवा, उन्हात टाकू नका, घडी दाबू नका, चुलीपासून दूर टांगा. मुले हसतात, मुख्याध्यापकांना रेनकोटाचे एवढे काय, असे त्यांना वाटत असावे.

अण्णा आता नाहीत. प्रश्न साधा होता, आणि त्याचे उत्तर द्यावयास आम्हांला उशीर झाला. होय अण्णा, ओला होता.