पदकांची साक्ष

नाणे व्यवहारासाठी असते, स्मृतिपदक आठवणीसाठी. त्याने बाजारात काही विकत घेता येत नाही. व्यक्ती वा घटना धातूत जपणे एवढेच त्याचे काम. युरोपात ही कला इटलीत उदयास आली. इ. स. १४३८ मध्ये बायझंटाईन सम्राट आठवा जॉन धर्मपरिषदेसाठी फेरारा येथे आला. त्या निमित्ताने पिसानेल्लो या चित्रकाराने त्याचे पदक घडवले. एका बाजूस मुखवटा आणि दुसऱ्या बाजूस प्रसंग वा प्रतीक, ही रीत पुढे रूढ झाली.

राजांनी पदकांचा उपयोग कीर्तीसाठी केला. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने आपल्या कारकिर्दीचा इतिहासच पदकांच्या मालिकेत कोरवून घेतला. तीत विजय झळकतात. युद्धांनी गांजलेली प्रजा दिसत नाही.

७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने 'लुसिटानिया' हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवले. अकराशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. कार्ल ग्योट्झ या जर्मन पदककाराने जहाजकंपनीला दोष देणारे पदक काढले. त्यावर तारीख ५ मे अशी चुकीची पडली. हल्ला पूर्वनियोजित होता याचा हा पुरावाच, असा प्रचार ब्रिटनमध्ये झाला आणि पदकाच्या सुमारे तीन लाख प्रतिकृती लोकांत पसरल्या. ग्योट्झने पुढे तारीख सुधारली. तोवर पदक त्याच्याच देशावर उलटले होते.

मूळ पदकावर महिन्याचे नाव जर्मन भाषेत, तर प्रतिकृतीवर इंग्रजीत आहे. भेद एका अक्षराचा. पण तो ओळखणारी नजरच संग्राहकाचे खरे धन होय. पदक कोणी काढले, केव्हा आणि कोणासाठी, हे विचारल्यावाचून जाणता संग्राहक ते पेटीत ठेवत नाही.