निरवानिरव

नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगडात स्थिरावत गेलेल्या रायपूरच्या मराठी कुटुंबांत केदारनाथची यात्रा आधी पंचांगात ठरते. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास मंदिराची दारे उघडतात, भाऊबीजेला मिटतात. परतण्याची खात्री नसल्याने पूर्वी वडीलधारी माणसे देणीघेणी मिटवून, निरवानिरव करूनच निघत. आगगाडी आणि मोटाररस्ता आल्यावर हा रिवाज कालबाह्य वाटू लागला. १६-१७ जून २०१३च्या प्रलयात हजारो माणसे दगावली; कित्येकांची ओळखही पटली नाही. पुढे यात्रेकरूंची नोंदणी सक्तीची झाली. ३,५८३ मीटर उंचीवर निघालेल्या आईचे वय, घरचा दूरध्वनी अर्जात भरताना मुलाचा हात थबकतो. तीही निरवानिरवच होय. पूर्वी ती जाणारा करी, आता मागे राहणाऱ्याला करावी लागते.