वाळवंटातील हिवाळी रंग

तू बिश्वात जवळ आला, की दुबईत घर केलेल्या आम्हां कोकणच्या माणसांस दारी काहीतरी लावण्याची ओढ लागते. मन प्रथम बदामाकडे जाते. इस्रायलमध्ये तो याच सुमारास फुलतो. परंतु कळ्या उमलण्यापूर्वी त्यास बरीच थंडी लागते आणि ती या किनाऱ्यावर पडत नाही.

म्हणून हिवाळी रंगासाठी आम्ही बोगनवेल निवडली. वर्गात आम्ही मुलांना दाखवितो, की तिचा रंग पाकळ्यांचा नव्हे, फुलाभोवतीच्या पानांचा आहे. खरे फूल आत इवलेसे असते. दिवस लहान झाले व पाणी आखडले, की तिला बहर येतो. सढळ पाण्याने नुसता पाला माजतो. जेथे समुद्राचे खारे पाणी गोडे करून प्यावे लागते, तेथे हा गुण मोलाचा होय.

सावलीसाठी मात्र गाफ लावावा. अमिरातीने २०१९ च्या सहिष्णुता वर्षाचे चिन्ह म्हणून हेच झाड निवडले. आपल्याकडील शमी ती हीच. हिवाळ्यात ते फुलत नाही, पण हिरवे राहते. वाढ संथ, त्यामुळे पुरी सावली पुढच्या पिढीलाच मिळेल. येथे किती वर्षे राहणार हे ठाऊक नसलेल्या आपल्यासारख्यांनीही ते लावावे, असे आम्हांस वाटते.