आधार

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. रसायनशास्त्राशी माझे नाते निळा लिटमस तांबडा होण्यापुरते. पण २०२५ च्या दिवाळीत एक जुना विद्यार्थी फराळाला आला आणि त्याने मला भलत्याच विचारात टाकले. तो माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत संशोधन करतो.

"सर, प्लॅटिनम महाग," बशीतली मोडकी चकली उचलत तो म्हणाला. "उत्प्रेरक म्हणून ते वापरतात, तेव्हा काम करतात कणाच्या पृष्ठभागावरचे अणू. पोटातले फुकट जातात. म्हणून एकेक अणू सुटा बसवायचा. २०११ साली चीनमधल्या दालियानच्या संशोधकांनी तो लोहाच्या ऑक्साइडवर, म्हणजे गंजाच्या भाऊबंदावर, बसवून दाखवला."

"मग अडचण कसली?"

"सुटा अणू तापला की सरकतो, दुसऱ्याला बिलगतो, पुन्हा गोळा होतो. म्हणून खरी परीक्षा आधार निवडण्याची. मोटारीच्या तप्त धुरात सेरियम ऑक्साइड त्याला घट्ट धरतो. नायट्रोजन मिसळलेला कार्बन विजेच्या कामाला चांगला, पण त्या धुरात जळून जाईल. आणि पकड बेताची हवी. सैल असली तर अणू भटकतो. चहूबाजूंनी आवळला, तर येणाऱ्या रेणूला धरायला त्याचा हातच मोकळा राहत नाही. जागेवर असतो, पण कामाचा उरत नाही."

माझी नजर आतल्या खोलीकडे गेली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, त्यांत आम्ही होतो. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत आलो. आईला स्वतंत्र खोली दिली, पलंग दिला आणि वर बजावले, "आता तू काही म्हणजे काही करायचं नाहीस." चाळीत सबंध मजल्याची पोरे तिच्या दारात असत. कुणाची भाजणी, कुणाचे बाळंतपण तिच्यावाचून अडे. इथे ती दोन महिने खिडकीशी बसून होती. आम्ही त्याला सुख म्हणत होतो.

विद्यार्थी गेल्यावर मी उरलेले पीठ आणि सोऱ्या तिच्यापुढे ठेवला.

"आई, चकल्या मोडताहेत गं."

तिने पीठ चिमटीत धरून पाहिले. "मोहन जास्त झालंय. भाजणी आण थोडी. आणि शेजारच्या पोरीला हाक मार. एकटीनं का कुठं चकल्या होतात?"

त्या दिवशी आमच्या नव्या घराचे दार पहिल्यांदा संध्याकाळपर्यंत उघडे राहिले.